कुंपणापलीकडचं ओक्लाहोमा

लायल पेनरनं आपलं राहतं घर, आत बायको आणि ओव्हनमध्ये भाजत ठेवलेलं मांस यांच्यासकट, कॅन्ससमधून ओढून ओक्लाहोमात नेलं. साऱ्या गावानं हे उघड्या डोळ्यांनी पाहिलं. तरीही असं काहीही घडलेलं नाही. सरकारदरबारी तरी नाहीच. आपणही तसंच धरून चालू.

तर काहीही घडलेलं नसताना, एप्रिलमधल्या एका सकाळी लायल स्वयंपाकघरात बसून मुलीच्या प्रवेशाचं पत्र वाचत होता. केंडलला सीमेपलीकडच्या विद्यापीठात जागा मिळाली होती. तिथं वादळं शिकवतात. केंडल चालायला लागली तीच मुळी आभाळाकडे बघत, त्यामुळे तिच्या गुडघ्यांवरच्या खुणा अजून गेल्या नव्हत्या. पत्राच्या दुसऱ्या पानावर फी होती. ओक्लाहोमातल्या मुलांना एक आणि बाहेरच्यांना तिप्पट. लायलनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दोष चष्म्याचा नव्हता.

"तिप्पट कशाला? बाहेरची पोरं तीन-तीन खुर्च्यांवर बसतात का?"

"नियम आहे तो, बाबा," केंडल म्हणाली. "जाऊ दे. मी इथंच हिशेबाचा कोर्स करते. हिशेब पण मस्त असतो."

हे ती इतक्या शहाण्यासारखं म्हणाली, की लायलनं हातातला टोस्ट खाली ठेवला. जिला वाऱ्याच्या वासावरून गारांचा आकार कळतो, ती पोरगी आता लोकांच्या पावत्या जुळवत बसणार! त्यानं तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. मागच्या अंगणाच्या टोकाला कुंपण होतं. अलीकडे कॅन्सस, पलीकडे ओक्लाहोमा. पलीकडचं कुरण त्याच्या मेहुण्याचं, डगचं. डगची एक गाय ओक्लाहोमात उभी राहून, तारांतून मान घालून कॅन्ससमधले कांदे खात होती. एकाच वेळी दोन राज्यांत तिची सोय झाली होती आणि तिला कुणी फी विचारत नव्हतं.

"रोंडा," लायल बायकोला म्हणाला, "आपलं घर चाकांवर आलं होतं ना गं?"

"हो. वर्षभरात पक्कं बांधू म्हणाला होतास. तेव्हा केंडल पोटात होती."

"चाकं काढली नाहीत ना आपण?"

"तू आजवर काही काढलंयस? नाताळची दिव्यांची माळसुद्धा अजून वर आहे."

गावाचं नाव प्लम हिल. तिथं प्लमचं झाड नाही आणि टेकडीही नाही. बैठकांना दुसरं कुणी येत नसे, म्हणून लायल तिथला महापौर होता. घर हलवण्याच्या परवानगीचा अर्ज त्यानं नागरिक म्हणून केला आणि महापौर म्हणून मंजूर केला. अडचण एकच होती. प्लम हिलच्या महापौरानं कॅन्ससमध्येच राहायला हवं, असा नियम होता. लायलनं तोडगा काढला. घर पलीकडे जाईल, गॅरेज जागेवरच राहील. मायलेकी घरात राहतील आणि महापौर गॅरेजमध्ये खाटेवर झोपेल.

"लग्नापासून तुझी ही पहिलीच योजना मला सगळीच्या सगळी पटली," रोंडा म्हणाली.

शनिवारी अख्खं गाव घडीच्या खुर्च्या घेऊन आलं. शेजारच्या बर्निसनं मोठ्या काचेच्या थाळीत मोहरी लावलेली अंडी आणली. बटाट्याचं सॅलड चार घरांतून आलं. डगनं मधल्या तारा कापल्या, ट्रॅक्टर लावला आणि साखळी घराला अडकवली. मग तो थांबला.

"दाजी, ताई आतच आहे."

"माहितीय. ओव्हनमध्ये मांस आहे. घर जायचं तर जाईल म्हणते, ती हलणार नाही."

"मग हळू घेतो."

"हळू घे. ते मांस हलकं नाही."

साखळी ताणली गेली. घर कण्हलं. मग अठरा वर्षं एका जागी बसलेलं ते घर पडदे हलवत, दिव्यांची माळ झुलवत, गॅसची टाकी शेपटीसारखी मागं घेऊन चालू लागलं. तोंडातलं अंडं चावायचं सगळे विसरले. कॅन्ससमधली माणसं अंत्ययात्रा दिसली की टोपी काढतात. आता काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्यांनीच टोप्या काढल्या. खिडकीत रोंडा उलथनं घेऊन उभी होती. बर्निससमोरून जाताना तिनं हात हलवला. बर्निसनंही हलवला. राणीची स्वारी निघावी तसा थाट होता.

घर बरोबर कुंपणाच्या रेषेवर आलं आणि चाक घुशीच्या बिळात रुतलं.

त्याच वेळी पश्चिमेला आभाळ हिरवं पडू लागलं. थोड्या वेळानं त्या हिरव्यातून एक ढग खाली उतरला. डोंगर उलटा टांगून कुणी सावकाश फिरवावा तसा. धोक्याचा भोंगा वाजवण्याचं काम महापौराचं, आणि महापौर चाक उचलायचा जॅक घेऊन घराखाली आडवा होता. लोक थाळ्या डोक्यावर धरून शाळेच्या तळघराकडे धावू लागले.

"थांबा!" केंडल ओरडली. ती ट्रॅक्टरच्या बॉनेटवर चढून उभी होती. "शाळेकडे जाऊ नका, तो तिकडंच जाणार आहे. इथंच बसा. धान्याच्या कोठारांपाशी तो वळेल."

"वळेल म्हणजे? त्यानं तुला सांगितलंय का?" डग म्हणाला.

"हो," केंडल म्हणाली. "मघापासून तेच तर सांगतोय."

बस किती वाजता येते ते सांगावं, इतक्या साध्या आवाजात ती हे म्हणाली. का कोण जाणे, सगळे खाली बसले. लायल घराखालून बाहेर आला आणि मुलीकडे बघत राहिला. ढग आला. त्याच्या पोटात विजा फिरत होत्या, आवाज मात्र नव्हता. गवत जमिनीला चिकटलं. धान्याच्या कोठारांपाशी येऊन तो क्षणभर घुटमळला, नवख्या पाव्हण्यासारखा, आणि उत्तरेला वळला. जाता जाता शाळेचं पत्र्याचं छप्पर त्यानं टोपी उचलावी तसं उचललं आणि पलीकडच्या शेतात नेऊन ठेवलं.

रोंडानं खिडकी उघडून विचारलं, "झालं का? मांस वाळतंय."

डगनं पुन्हा टोपी काढली. या वेळी ती घरासाठी नव्हती.

"दाजी, हिला तू पावत्या जुळवायला बसवणार होतास?"

"घर ओढ," लायल म्हणाला. आणि जॅक घेऊन पुन्हा चाकाखाली शिरला.

संध्याकाळपर्यंत घर पूर्ण ओक्लाहोमात होतं. सोमवारी लायलनं ऐटीत विद्यापीठाला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी अभिनंदन केलं.

"आता तिथं बारा महिने राहा," त्या म्हणाल्या.

"बारा महिने? कॉलेज ऑगस्टला सुरू होतंय."

"म्हणूनच आधी राहिलेलं असावं लागतं, साहेब."

"पण आधी राहिलेलं आता कसं राहणार?"

बाईंनी पुन्हा एकदा अभिनंदन केलं. फोन ठेवून लायल पायरीवर बसला. केंडल येऊन शेजारी टेकली.

"बाबा, इथून आभाळ जास्त दिसतं," ती म्हणाली. "आणि हिशेब खरंच वाईट नसतो." त्यांच्या पुढ्यात गाय आता निवांतपणे अख्खी जुन्या अंगणात येऊन कांदे खात होती.

बारा महिन्यांची गरज नव्हती ती फक्त करखात्याला. आपल्या हद्दीत नवं घर उगवलंय हे कळताच पलीकडच्या काउंटीनं, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यानं, बुधवारीच मोजणीवाला धाडला. व्हॅन्स त्याचं नाव. त्यानं तीन पायांचं यंत्र उभं केलं, त्यात डोळा घातला, हातात छोटा नारिंगी झेंडा घेतला आणि उत्तरेला चालू लागला. तुटलेलं कुंपण मागं पडलं. घराची जुनी जागा मागं पडली. गॅरेज मागं पडलं.

"अहो, तिकडं कुठं?" लायल त्याच्यामागं धावला. "ओक्लाहोमा मागं राहिलं!"

व्हॅन्सनं रस्त्याकडेच्या पत्रपेटीजवळ झेंडा रोवला. "सीमा ही. तुमचं ते कुंपण कुणी घातलं?"

"आजोबांनी."

"तिथंच का?"

"तिथं माती मऊ होती. खांब पटकन गेले."

"आणि गावानं तीच सीमा मानली?"

"आजोबा महापौर होते."

व्हॅन्सनं मान डोलावली. "मग तुमचं घर कॅन्ससमध्ये कधी नव्हतंच. ते ओक्लाहोमातून ओक्लाहोमात गेलंय. तुम्ही फक्त कुंपण मोडलंत."

लायलनं झेंड्याकडे पाहिलं, मग घराच्या जुन्या जागी उरलेल्या फिकट चौकोनाकडे, मग मुलीकडे. अठरा वर्षं ही पोरगी परराज्यात झोपत होती, दात घासत होती, ढग मोजत होती, आणि कुणाला पत्ता नव्हता.

"बारा महिने हवेत ना?" तो हळूच म्हणाला. "हिची अठरा वर्षं झालीत."

केंडलनं जी किंकाळी फोडली, तिनं गाय आपण होऊन ओक्लाहोमात पळाली. म्हणजे ती आधीही तिथंच होती, पण आणखी आत पळाली. व्हॅन्सनं लेखी दिलं, विद्यापीठानं मानलं, आणि फी तिप्पटीची एकपट झाली.

"आणि गॅरेज?" रोंडानं विचारलं.

सगळ्यांनी झेंड्याकडे पाहिलं. गॅरेजही ओक्लाहोमात होतं. याचा अर्थ प्लम हिलचा महापौर कॅन्ससमध्ये एक रात्रही राहिला नव्हता. त्यानं काढलेले सगळे हुकूम रद्द झाले, घर हलवायची परवानगीही. सीमा ओलांडली नव्हती आणि परवानगी नव्हती, तेव्हा शनिवारी काहीही घडलं नाही, असा ठराव गावानं केला. एकट्या बर्निसनं विरोध केला, कारण तिची काचेची थाळी त्या दिवसापासून सापडत नव्हती.

त्याच आठवड्यात लायलनं गॅरेजमधल्या खाटेवर बसून दोन्ही राज्यांच्या गव्हर्नरांना अर्ज लिहिला:

"विनंती की, सदर सीमारेषेस माझ्या गॅरेजभोवती एक छोटा फुगवटा देण्यात यावा, एक खाट मावेल इतका. मुलीची खोली मात्र आहे तिथंच असू द्यावी. हे शक्य नसल्यास महापौरपद गेलं तरी चालेल. त्याऐवजी सदर विद्यापीठ आमच्या कुंपणाच्या इतकं जवळ आणून ठेवावं, की संध्याकाळी जेवायला हाक मारली तर ऐकू जावी. चाकांची सोय अर्जदार करेल. ट्रॅक्टर मेहुण्याचा आहे."