अंगणातला गुरांस आणि सासऱ्यांचा घसा

आमच्या बसंतपूर गावाच्या वरच्या डोंगरावर गुरांसाचं, म्हणजे लाल फुलांच्या ऱ्होडोडेंड्रॉनचं, अख्खं जंगल आहे. चैतात सगळा डोंगर लाल होतो, फुकट. एवढं असूनही आपल्या अंगणात एक गुरांस हवाच, असं मी एके दिवशी ठरवलं. (सरकारी कचेरीत दुपारी काम नसतं, त्याचे हे परिणाम.)

सासरे हर्कधोज राई, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. रोप पाहून म्हणाले, "जावईबापू, गुरांस डोंगराचं ऐकतो. कारकुनाचं नाही."

झालं. माझी इज्जत त्या झाडाला टांगली गेली.

पहिलं रोप मी भर उन्हात लावलं, ते करपलं. दुसऱ्याच्या बुडाशी संचमायानं, म्हणजे माझ्या बायकोनं, चुलीतली राख टाकली. गुरांसाला आंबट माती लागते, राख म्हणजे विष. पानं पिवळी पडून तेही गेलं. तिसऱ्याला मी सावली दिली, जंगलातला कुजका पाला घातला आणि बुडाशी कुदळ लावली नाही, कारण मुळं अगदी वरवर असतात. झाड वाढलं. बारा महिने हिरवंगार. फूल मात्र नाही. सासरे दर चैतात यायचे, चहा प्यायचे आणि "पानं छान आहेत" म्हणून जायचे.

यंदा एक कळी आली, उमलली. गुरांसाच्या एका कळीतून फुलांचा घोसच निघतो. एकच घोस, पण लालभडक. मी गारांच्या भीतीनं त्यावर टोपली झाकली आणि सासऱ्यांना जेवायला बोलावलं. आधी जेवण, मग टोपली उचलायची, असा माझा बेत. संचमायानं तमोर नदीचे मासे केले होते.

दुसऱ्याच घासाला सासऱ्यांनी गळा धरला.

"काटा," ते घोगरं बोलले.

"भाताचा गोळा गिळा, बा," मी म्हणालो. गिळला. काटा तिथंच.

"अहो, गुरांसाच्या वाळल्या पाकळ्यांचा डबा आणा," संचमाया म्हणाली. काटा अडकला की गुरांसाची पाकळी चावून गिळायची, हे आमच्याकडं तान्ह्या पोरालाही ठाऊक. डबा प्रत्येक घरात असतो. आमचा रिकामा होता. गुरांसाला गुरांसाचंच खत लागू पडेल, या संशोधनापायी मी त्या पाकळ्या बुडाशी ओतल्या होत्या.

"केळं देऊन बघूया का?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि अंगणात गेली.

"दोनच पाकळ्या घे," मी मागून ओरडलो. ती अख्खा घोस घेऊन आली. सासरे डोळे मिटून एकेक फूल चावू लागले.

"गेला का, बा?"

"टोचतंय अजून."

पुन्हा फूल. पुन्हा टोचतंय. शेवटचं फूल गिळल्यावर त्यांनी ढेकर दिला. "गेला. बहुतेक पहिल्याच फुलाला गेला होता. पण चव बरी होती." मग हात धुऊन म्हणाले, "चला, दाखवा तुमचं झाड."

मी देठ दाखवला.

"देठ माझ्या वांग्यालाही असतो."

"बा, तुम्ही आत्ता खाल्लं ते याचंच."

"ते जंगलातलं होतं. आयुष्यभर खातोय, मला चव कळत नाही?"

"खरंच फुललं होतं, बा," संचमाया म्हणाली.

"तू बोलणारच, पोरी. संसार करायचाय तुला." आणि ते निघाले. मला रडू यायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी मेहुणा पाठीवर डोको, म्हणजे बांबूची मोठी टोपली, भरून गुरांस घेऊन आला, जंगलातून तोडलेला. "बांनी पाठवलाय, भिनाजू. म्हणाले, जावयाच्या घरात अडीअडचणीला एक पाकळी नाही."

मी फुलं अंगणभर वाळत घातली. रस्त्यानं जाणारे हेडसर ती लाली पाहून फाटकाशी थांबले. "वा, शेवटी फुलवलंत म्हणायचं."

मी नम्रपणे मान झुकवली. एवढं तरी माझ्या नशिबात होतं.

"नाही हो सर," खिडकीतून संचमाया म्हणाली, "माहेरून आलीत."