आफ्रिकेतल्या बापांना शिव्या

आमचे शेजारी तात्या रोज दिवेलागणीला ओसरीवर बसतात आणि आफ्रिकेतल्या बापांना शिव्या देतात. आंबवड्यात आता याचं कुणाला नवल वाटत नाही.

झालं असं, की काकू गेल्या, मागोमाग तात्यांची नजर गेली, आणि त्यांची मुलगी मनीषा त्यांना पोथी वाचून दाखवू लागली. पोथी संपली, परत संपली. मग ती माझ्याकडं आली. मी भोरला कॉलेजात शिकवते आणि आफ्रिकेतल्या कादंबऱ्यांची मराठी भाषांतरं जमवायचं मला खूळ आहे. पोरीनं माझं कपाट रिकामं केलं.

पहिल्या दिवशी तात्यांनी एवढंच विचारलं, "ह्ये गाव आपल्या येल्ह्याच्या पल्याड का?"

"लई पल्याड," मनी म्हणाली. तेवढ्यावर तात्यांनी आफ्रिका दत्तक घेतली.

कादंबरीतला बाप पोराला शाळेत धाडी आणि पोरीला शेतात. तात्या कडाडत, "जोड्यानं हाना त्येला! पोरीचा जल्म काय राबायलाच हाय व्हय?" आणि त्याच दमात, "मने, चा टाक." मनी पुस्तक पालथं घालून उठे. बारावी नापास झालेला थोरला मुलगा सागर तेव्हा अंगणात, तात्यांनीच घेऊन दिलेली मोटारसायकल पुसत असे.

एकदा गोऱ्या पाद्र्यांच्या शाळेत एका पोरीचं नाव बदललं. वर ती आपल्या भाषेत बोलली म्हणून छड्या मारल्या. तात्या उठून उभेच राहिले. "नाव बदलाया ती काय लगीन हून आली व्हती व्हय त्यांच्यात?"

स्वतःच्या लग्नात तात्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं काकूंचं नवं नाव लिहिलं होतं. जुनं काय होतं, असं मी विचारलं तर म्हणाले, "कायतरी चांगलं व्हतं." मला हसू आलं आणि रागही आला.

अशा माणसाकडून मनीला पुण्याला शिकायला जायची परवानगी हवी होती. कॉलेजात नाव लागलं होतं, वसतिगृहात जागा मिळाली होती. तात्यांचं एकच पालुपद: "पोरगी पुन्याला गेली की हातची गेली." विंझरच्या टेम्पोवाल्या मुलाकडच्यांना त्यांनी रविवारी सुपारी फोडायला बोलावलंसुद्धा होतं.

आदल्या संध्याकाळी मी ओसरीवर होते. मनी वाचत होती. पोरीचं शहरातल्या कॉलेजात नाव लागतं, पण बाप तिचं लग्न ठरवतो. मुलाचा स्वतःचा टेम्पो असतो.

मी दचकले. ती कादंबरी मी वाचलेली होती. तीत टेम्पो कुठंच नव्हता.

तात्या पुढं सरकले. मग म्हणाले, "तिकडं बी टेम्पो असत्यात?"

"असत्यात की."

"मग? बाप काय म्हनला?"

"फुडचं पान फाटलंय, तात्या. तुमीच सांगा."

मी शिवीची वाट बघत होते. शिवी आली नाही. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"जाऊ दे म्हनावं तिला. विंझरच्या पावन्यांना म्या करतो फोन."

मनीला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात तात्यांनी हळूच विचारलं, "मने, ती गेल्यावर त्या बापाला पुस्तक कोन वाचून दावतं गं? बघ की, लिवलंय का कुठं."

मनी खरोखरच पानं उलटून बघू लागली.