भातसेची मोजणी

तनयानं कॅनूच्या काठावर ओले टॉवेल वाळत घातले, तेव्हा मिहिरला कळून चुकलं की आपली होडी आता गेली कामातून. पुण्याला होते तेव्हा हीच दोन माणसांची होडी दर पावसाळ्याच्या शेवटी कोलाडच्या खळाळत्या पाण्यात खडक चुकवत सुसाट जायची. मग कंपनीनं मिहिरला भिवंडीच्या गोदामावर मॅनेजर म्हणून धाडलं आणि चार महिने झाले, ती धामणकर नाक्याजवळच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये पडून होती.

"दसऱ्यापर्यंत हलवा," सोसायटीचे सेक्रेटरी सुधीरकाका म्हणाले. "लोक अडखळतात. परवा कुणीतरी त्यात कांदे पसरले होते."

बायकोचं, तनयाचं, म्हणणं त्याहून कडक. "पाण्यात एकट्यानं जायचं नाही. जोडीदार मिळव, नाहीतर विकून मोकळा हो." ती स्वतः जोडीला यायचा प्रश्नच नव्हता. तिला भरलेली बादलीसुद्धा खोल वाटायची.

जोडीदार मिळवायचा कुठून? गोदामातले लोक म्हणाले, "सर, शिफ्ट संपली की झोप लागते, हौस नाही लागत." खालच्या मजल्यावरचा लूमवाला तर हसायलाच लागला. "पानी के लिए इतना दूर काहे को जाना भाईसाब? नाके पे भरता है ना!" मिहिरनं सोसायटीच्या ग्रुपवरही विचारून पाहिलं. अकरा जणांनी अंगठा दाखवला आणि एकानं होडी लग्नाला भाड्यानं मिळेल का, असं विचारलं.

शेवटी त्यानं ठरवलं, माणूस नाही तर निदान नदी तरी शोधू. एका रविवारी सकाळी सात वाजता तो पडघ्याच्या पुढे आत वळला आणि भातसेच्या काठी येऊन थांबला. अहाहा, काय पाणी होतं! खडकांवरून पांढरं होऊन उड्या मारत होतं. बायकोच्या धाकानं त्यानं काठावरच भगवं लाइफ जॅकेट आणि हेल्मेट चढवलं. मग खुणा केलेला बांबू पाण्यात घालून खोली बघितली, प्रवाहात काटकी टाकून सेकंद मोजले आणि सगळं वहीत लिहून घेतलं.

आता या तालुक्यात हेल्मेट घालून वही घेऊन आलेला माणूस कधी उगाच आलेला नाही. एक आला आणि रस्ता रुंद झाला, दुसरा आला आणि भाताच्या खाचरात गोदाम उभं राहिलं. त्यामुळे पाच मिनिटांत गावातले जमीनवाले दौलतशेठ लुंगी सावरत हजर.

"कंच्या खात्याचं सायेब?"

"खात्याचा नाही हो. हौसेनं आलोय."

"पूल होनार का धरन?"

"काहीसुद्धा होणार नाही!"

"न्हाय बोलतोय, म्हंजे नक्की होनार," दौलतशेठ मागून आलेल्या बाळारामच्या कानात पुटपुटले. बाळाराम त्यांचा शेजारी. त्याचीही जमीन नदीला लागून.

मिहिर काही बोलायच्या आत त्याला घरी नेऊन बसवलं. दौलतशेठच्या बायकोनं, राहीबाईनं, तांदळाच्या भाकऱ्या आणि गावठी कोंबडीचा रस्सा वाढला. "खा रं पोरा, नदी काय पलून न्हाय जात," म्हणत ती वाढतच राहिली. मिहिरच्या ओठावर खरं आलं होतं, पण तेवढ्यात दौलतशेठ बोलले, "माझी हद्द काठावरून न्हाय दिसत. पान्यातून बघावी लागंल. होडी असंल तर मी येतो संगं."

जोडीदार! चार महिने ज्याच्यासाठी वणवण केली, तो आपणहून पाटावर समोर बसला होता. मिहिरनं भाकरीच्या घासाबरोबर खरं गिळून टाकलं. माणूस पाप करतो ते असंच, जेवता जेवता.

पुढच्या रविवारी गाडीच्या टपावर होडी बांधून तो पोचला. दौलतशेठ पुढे बसले. पहिला खडक आला तसा मिहिर ओरडायला गेला, तोवर त्यांनी एका वल्ह्यात होडी वळवलीसुद्धा. "डावीकरं मार! आता पान्यावर सोर! सोर रं!" मिहिरची बोटं वाकडी व्हायची वेळ आली, पण असा जोडीदार त्याला कोलाडला मिळाला नव्हता. खाली उतरल्यावर दौलतशेठनी काठावरच्या उंबराकडे बोट दाखवलं. "ही माझी हद्द. नीट दिसली का? न्हाय दिसली. चल, परत वरून येऊ."

तिसऱ्या रविवारी बाळाराम आला. चौथ्या रविवारी काठावर सहा साठीचे बाप्ये रांग लावून उभे होते आणि आधी कोणाची हद्द, यावरून भांडण जुंपलं होतं. मिहिरनं प्रत्येकाला तीनतीनदा फिरवलं. गंमत म्हणजे सहाही जणांची हद्द त्याच उंबरापाशी संपत होती. इथे केवढे वाद आहेत, असं त्याला वाटलं.

घरी त्यानं सगळं फुशारकीनं सांगितलं. तनयानं त्याला मधेच थांबवलं. "म्हणजे त्यांना वाटतंय, जमीन जाणार? आणि तू त्यांना तसं वाटू दिलंस?"

"मी नाही म्हणालो होतो गं..."

"एकदा! आणि मग कोंबडी खाल्लीस! अरे, त्या बिचाऱ्यांना रात्रीची झोप लागत नसेल. जाऊन सांगून ये. नाही सांगितलंस, तर होडी मीच देते त्या लग्नवाल्याला."

मिहिरला स्वतःचीच लाज वाटली. पाचव्या रविवारी पेढ्यांचा पुडा घेऊन तो काठावर गेला. सहाही जण तयारीत उभे होते. त्यानं एका दमात सांगून टाकलं. मी गोदामात नोकरी करतो, पूल नाही, धरण नाही, मला फक्त जोडीदार हवा होता, माझं चुकलं.

 बाळाराम खो खो हसत सुटला.

"अरं येड्या," दौलतशेठ म्हणाले, "रईवारी सकाली सातला कंचा सरकारी सायेब येतो? दुसऱ्याच रईवारी समाजलं आमाला."

"मग... मग तुम्ही येत का राहिलात?"

दौलतशेठनी गावाकडे बघून आवाज खाली आणला. "माझ्या पोरानं, मनोजनं, बंदी केलीय. साठी झाली, पान्यात पाय न्हाय टाकायचा. आनी राही तर दारातच बसते पहाऱ्याला. ह्या सगल्यांच्या घरी त्योच तमाशा. सगला जलम ह्या पान्यात गेला रं आमचा! पन जमिनीचं काम बोललं, का कोन बी आडवत न्हाय. उलटा डबा बांधून देतात."

मिहिरला हसावं की त्यांना मिठी मारावी, कळेना. तेवढ्यात पायवाटेवरून राहीबाई येताना दिसली.

"लिव, लिव! वहीत काय तरी लिव!" दौलतशेठ घाबरून कुजबुजले. सहाही जण गंभीर चेहरे करून उंबराकडे बघत राहिले. मिहिर वहीत भराभर आकडे लिहू लागला.

"झाली का मोजनी?" राहीबाईनं विचारलं.

"थोडी राहिलीय मावशी," मिहिर शक्य तितक्या सरकारी आवाजात म्हणाला.

"मंग आता माझ्या माहेरची जमीन मोज." तिनं नेसूचा काष्टा घट्ट खोचला, दौलतशेठच्या अंगातलं जॅकेट काढून स्वतः चढवलं आणि होडीत पुढे जाऊन बसली.

दौलतशेठ बघतच राहिले. "अगं, तुझं माहेर अंजूरला! ते खाडीवर!"

"मंग? ही नदी तिकरंच जाते ना?" राहीबाई म्हणाली आणि तिनं वल्हं उचललं. "बस रं पोरा मागं. लवकर. मनोजला बोलून आलीय, जमिनीचं काम हाय."