मेघवीर कोना पोऱ्या?

आकाशातून एक माणूस उडत येतोय, पाठीवर बांधलेलं कापड फडफडतंय, खाली पूल कोसळायला आलाय, पुलावर माणसांनी भरलेली बस अडकलीय आणि आमची अख्खी गल्ली श्वास रोखून टीव्हीकडे बघतेय. अशा वेळी शेवंताअक्काने मला कोपराने ढोसलं आणि मोठ्यांदा विचारलं, "काय व पोरी, हाऊ कोना पोऱ्या शे?"

हा कोणाचा मुलगा? बस पडते की वाचते, याच्याशी अक्काला काही देणंघेणं नव्हतं. तो उडतो कसा, हेही तिने कधी विचारलं नाही. उडत असेल बापडा. पण उडणाऱ्याला आईबाप असतात, मामा असतो, आत्या असते. ते कळल्याशिवाय त्याच्याकडे नुसतं बघत बसायचं म्हणजे अक्काच्या लेखी शुद्ध आगाऊपणा.

मी लग्न होऊन साताऱ्याकडून चोपड्याला आले, तेव्हा पहिल्या दिवशी अक्का शेजारधर्म म्हणून पाण्याची कळशी घेऊन आली आणि चहाला आधण येईपर्यंत तिने माझं माहेर, आजोळ, मावश्या, त्यांची सासरं असं सगळं उलगडून घेतलं. खानदेशातल्या एकाही घराशी माझं नातं निघेना. अक्काचा चेहराच उतरला. पुढचे काही दिवस ती मला बघून हळहळायची. मग एकदा भर दुपारी धावत आली. माझ्या आत्येसासूबाईंच्या शेजारणीचा भाऊ यावलच्या बसवर कंडक्टर होता म्हणे, आणि त्याची बायको अक्काच्या माहेरच्या गावची. "लागना धागा!" अक्का म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यावर बसून तिने सुटकेचा श्वास सोडला. "आते तू आम्हनी." आता मी त्यांची झाले.

चोपड्यापासून शिरपुरापर्यंत किती घरांच्या सोयरिकी अक्काने जुळवल्या असतील, देव जाणे. त्यासाठी ती कोणाकडून सुपारीसुद्धा घेत नसे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा गुलाब केळीच्या गाड्या भरायचा आणि दिवसभर बाहेर असायचा. अक्काला घरात करमत नसे.

माझ्या माहेरहून आलेला टीव्ही गल्लीतल्या पहिल्या दोनतीन टीव्हींपैकी एक. रविवारी सकाळी मेघवीर लागला की ओसरीपर्यंत माणसं बसायची. अक्काची जागा ठरलेली. माझ्या शिलाई मशीनचं स्टूल.

हा मेघवीर एरवी हवामान खात्यात कारकून असायचा, नाव मोहन. ढग जमले की चष्मा काढून उडायला लागायचा. प्रत्येक भागाच्या शेवटी तो उडत आपल्या खेड्यात जायचा. तिथे मातीच्या घरात पांढऱ्या साडीतली त्याची आई त्याला चुलीपाशी बसवून गरम पोळी वाढायची. तो भाग अक्काला पसंत होता. "इतला उडस, पन जेवाले मायकडेच जास," ती सगळ्यांना ऐकवायची. हे मुख्यतः गुलाबसाठी असायचं.

घोटाळा सुरू झाला गणपतीत. या मेघवीराचा एक सिनेमा मालिकेच्या आधीच निघाला होता. मंडळाने तो व्हिडिओवर लावला. त्यात शेवटी कालनाथ नावाचा दुष्ट माणूस विहिरीत पडून मेला. पण हाच कालनाथ मालिकेत दर रविवारी काळा चष्मा लावून खदाखदा हसत असे!

गल्लीत वाद पेटला. सदू शिंपी म्हणाला, मालिका खोटी. पोस्टातले नाना म्हणाले, सिनेमा खोटा. आमचे हे कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. त्यांनी शांतपणे समजावलं, "अक्का, सिनेमा वेगळा, मालिका वेगळी. कालनाथ लोकांना आवडला, म्हणून मालिकेत परत घेतला."

"मास्तर," अक्का म्हणाली, "लोकंसले आवडना म्हनीसन मरेल मानूस उठीसन येस का? मना मालक बठ्ठा गावले आवडे. तो कोठे उना?"

यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

अक्काने दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला. विहिरीत पडला तो वेगळा. मालिकेतला त्याचा जुळा भाऊ. लहानपणी मामाकडे वाढला म्हणून सिनेमात दिसला नाही. चष्मा लावतो, कारण मामाच्या घराण्यात सगळ्यांचे डोळे अधू. "लागना धागा!" पुढच्या रविवारी कालनाथ पडद्यावर आला तेव्हा नाना हळूच म्हणाले, "मामावरच गेलाय हो." म्हणजे निकाल मान्य झाला.

मग अक्काला नादच लागला. सिनेमा आणि मालिका यांच्यात जिथे जिथे उसवलेलं दिसेल तिथे अक्का टाका घालायची. सिनेमात मेघवीराला बहीण होती, मालिकेत नाही. अक्काने तिला नंदुरबारकडे दिली. मालिकेत त्याच्याकडे कुत्रा होता, सिनेमात नव्हता. अक्का म्हणाली, कुत्रा राखण करायला घरी ठेवला असेल, सिनेमात कुत्रा कोण नेतं? मेघवीराची साहेबीण त्याच्यावर जीव टाकायची, तर अक्काने दोघांचं आजोळ एकच काढलं आणि लग्न मोडलं. "मावसबहीन शे ती! काई लाज?" त्या रविवारी ती दोघं बागेत हात धरून चालायला लागली, तेव्हा अक्का पाठ फिरवून बसली होती.

आणि मग टॉकीजमध्ये दुसरा सिनेमा आला. नवाकोरा, मालिकेनंतर काढलेला. आम्ही सगळे संध्याकाळच्या खेळाला गेलो. अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून, डब्यात शेव-मुरमुरे घेऊन. या सिनेमात मेघवीराचं काम करणारा नटच बदललेला. नाना आणि सदू दोघांनी अक्काकडे पाहिलं.

"बारीक झाया," अक्का क्षणभरही न अडखळता म्हणाली. "शहरमा खानावळनं जेवस ना."

मग पडद्यावर एक मोठा बंगला आला. जिना, झुंबर आणि जिन्यावरून उतरणारी जरीच्या साडीतली, मोत्यांचे दागिने घातलेली बाई. मेघवीर धावत गेला आणि तिच्या पायाशी वाकून म्हणाला, "माँ!"

अक्काचा मुरमुऱ्याचा हात तोंडाशीच थांबला.

मध्यंतरापर्यंत ती गप्प बसली. मला वाटलं, धागा शोधतेय. मध्यंतरानंतरही तीच जरीची साडी, तेच "बेटा, बेटा". मातीचं घर नाही, चूल नाही, पांढऱ्या साडीतल्या बाईचं नावसुद्धा नाही. तेव्हा अक्का उठून उभी राहिली आणि मागे वळून यंत्राच्या खोलीकडे बघत ओरडली, "ओ भाऊ! पहिली माय कोठे गयी?"

टॉकीजभर हशा पिकला. कोणीतरी पुढून ओरडलं, "मरनी व्हई अक्का, बठ खाले!"

"मरनी तं सुतक नको का?" अक्काने पडद्याकडे हात केला. "हाऊ तं नवा बूट घालीसन नाचस!"

दारावरचा माणूस बॅटरी घेऊन आला. मी अक्काचं लुगडं ओढून तिला खाली बसवलं. खाली बसली, पण पुढे तिने पडद्याकडे पाहिलंच नाही.

परत येताना यांनी तिची समजूत घालायचा प्रयत्न केला. "अक्का, अहो, पहिली नटी मिळाली नसेल, म्हणून दुसरी घेतली."

"माय काय बल्ब शे का मास्तर? एक गया म्हनीसन दुसरा लावा?"

त्या रविवारी स्टूल रिकामं राहिलं. पुढच्याही रविवारी. मी जाऊन पाहिलं तर अक्का धाब्याच्या गच्चीवर बिबडे वाळत घालत होती. ज्वारीचे ते पापड अगदी गोल यायचे तिच्या हातचे, त्या दिवशी वेडेवाकडे पडले होते. "डोकं दुखस," एवढंच म्हणाली. गुलाब जिन्यात भेटला. "सिनेमा देखीसन आजारी पडनारी आम्हनी मायच," तो म्हणाला आणि हसला. मीही हसले.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी अक्का धापा टाकत आमच्याकडे आली. कपाळाला घाम, पायात धूळ. ती टॉकीजमधून येत होती. तीनच्या खेळाला गेली होती. एकटी! आयुष्यात अक्का एकटी सिनेमाला गेली नव्हती. ओसरीवर यांच्याशी गप्पा मारत नाना आणि सदू बसले होतेच.

"सापडनी," अक्का म्हणाली.

"कोण?"

"माय. पहिली. ती तठेच शे."

तिने सांगितलं. सिनेमाच्या शेवटी मेघवीर चौकावरून उडत जातो, खाली गर्दी वर बघते. त्या गर्दीत, खांबाजवळ, पांढऱ्या साडीतली एक बाई उभी आहे. डोक्यावर पदर, तोंड नीट दिसत नाही. पण तीच.

"अक्का, गर्दीतली कोणीतरी बाई असेल ती," हे म्हणाले.

"कोनीतरी कशी, मास्तर? बठ्ठा लोक तोंड उघडं ठेईसन वर देखतस. हाई एकलीच असा हात धरस." अक्काने दोन्ही हात पुढे केले, कोपरात वाकवून, तळवे वर करून. "पडना तं झेलाले."

मग सदूच म्हणाला, "अक्का, अशा बायासले रोजवर आनतस. दिवसभर उभं ऱ्हावाना पैसा देतस."

"मंग रोजवर उनी व्हई," अक्का म्हणाली. "तिले काय? त्याले देखाले भेटनं ना."

आम्ही पुष्कळ दिवस हे एकमेकांना सांगून हसत होतो. रोजंदारीवर आलेली मेघवीराची आई! अक्का मात्र रविवारी पुन्हा स्टुलावर येऊन बसली आणि जुन्या उत्साहाने मेघवीराच्या आत्याचा पत्ता शोधू लागली.

उन्हाळ्यात ती म्हणाली, "शिरपूरले मना पुतन्यानं लगीन शे. चाल." मोठ्या जावेचा मुलगा, भास्कर. यांना पेपर तपासायचे होते, मी एकटीच अक्काबरोबर निघाले. शिरपूर येईपर्यंत अक्काने ड्रायव्हरच्या भाच्याला एक मुलगी सुचवून ठेवली होती.

लग्नघर मोठं होतं. जाऊबाईंना सगळे जीजी म्हणत. उंच, करारी बाई, अंगावर जरीचं लुगडं, कमरेला किल्ल्या. अक्का गेली ती थेट मागच्या अंगणात, चुलाण्यावर. वरणाचं भलंमोठं पातेलं तिने ताब्यात घेतलं आणि जगाकडे पाठ केली. मी शेजारी वरणात कुस्करायच्या बट्ट्यांचं पीठ मळणाऱ्या बायकांत बसले.

पुढे हळदीची वेळ झाली. भास्कर पाटावर येऊन बसला. जीजींनी आतून हाक मारली, "शेवंता!"

"वरन लागी जाई!" अक्काने वळूनही न बघता सांगितलं.

दुसरी हाक आली. अक्का पळी आणखी जोरात फिरवायला लागली. मग जीजी स्वतःच अंगणात आल्या. अक्काच्या हातातली पळी काढून त्यांनी माझ्या हातात दिली आणि अक्काचं मनगट धरलं.

"पहिली हळद तू लाव."

"जीजी, मना मालक नही. माय तू शे. तू लाव."

"मी माय शेच," जीजी म्हणाल्या. "पन तुना शे तो. चाल."

मी पळी घेऊन तशीच उभी. पीठ मळणारी बाई खालच्या आवाजात म्हणाली, "तुले ठाऊक नही का? अक्कानाच धाकला पोऱ्या तो. जीजीले लेकरू व्हयनं नही, मंग अक्कानी तान्हा असताना ओटीमा टाका. बठ्ठासले ठाऊक शे. त्यालेबी."

कंडक्टरच्या बायकोपर्यंतची नाती मला तोंडपाठ करायला लावणाऱ्या अक्काने हे एवढं मात्र मला कधी सांगितलं नव्हतं.

मी दारातून पाहिलं. अक्काने हळदीच्या वाटीत बोटं बुडवली. आधी कपाळ. मग गाल. बायका गाणं म्हणत होत्या. रीत तेवढीच असते, पण अक्का थांबेना. कानांच्या पाळ्या, कानांच्या मागे, मानेच्या वळीत, हनुवटीखाली, तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना जिथे जिथे हात जातो तिथे तिथे. भास्कर मुकाट्याने मान इकडे तिकडे करत होता.

"काकू, डोयामा जाई," तो शेवटी म्हणाला.

"मिटी ले ना मंग."

त्याने डोळे मिटले.

"बस व शेवंता," जीजी म्हणाल्या, "बाकी बायासले ठेव थोडी!" सगळ्या हसल्या. जीजीही हसल्या, पण त्यांनी वाटी अक्काच्या हातातून लगेच घेतली नाही.

हळद आटोपली. बायकांनी हौदावर हात धुतले आणि चहा आला. अक्का अंगणात भिंतीला टेकून गोणपाटावर बसली होती. उजवा हात मांडीवर उघडा ठेवला होता, वाळत चाललेल्या हळदीचा. मी कप पुढे केला. तिने तो बशीत ओतायला सांगितला आणि बशी डाव्या हातात घेतली. सवय नसल्यामुळे निम्मा चहा लुगड्यावर सांडला.

"अक्का, हात धुऊन या ना आधी."

"धुसू ना," अक्का म्हणाली. "घाई काय शे?"

मी तिच्यासाठी आणखी अर्धा कप आणला. तोही तिने डाव्याच हाताने घेतला.