भुजंगकाकांचा गलेफ

१६ जानेवारी, गुरुवार. सकाळपासून मी हिरव्या सॅटिनचा गलेफ शिवत होते आणि शेजारचे भुजंगकाका माझ्या प्रत्येक शिवणीला टेप लावून बघत होते.

काकांनी सरकारी नोकरीत तीस वर्षं जमिनी मोजल्या. निवृत्त झाले तरी टेप खिशात आहेच. मी पापड वाळत घातले, तर दोन पापडांतलं अंतर मोजून सांगतात. पुतणीसाठी स्थळ बघायला गेले, तेव्हा नवऱ्यामुलाला भिंतीशी उभं करून मोजलं. तो सांगितल्यापेक्षा दोन बोटं कमी भरला. "टेप खोटं बोलत न्हाय," एवढंच काका तिथं बोलले आणि चहा न पिता उठले.

काकू गेल्या पावसाळ्यात वारल्या. धाराशिवच्या दर्ग्यातल्या कबरीवर गलेफाची चादर चढवायचा नवस राहिलाय, तो फेडा, असं जाताना म्हणाल्या. नवस कशाचा, ते सांगायला श्वास पुरला नाही. काका देवळाचीही पायरी चढत नाहीत, पण या एका गोष्टीनं त्यांची झोप उडाली. दर्गा सांभाळणारे मुजावर नमाजाला गेलेले बघून त्यांनी त्या कबरीचं, मजारीचं माप आणलं. बाजूंना किती सोडायचं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "रान मोजताना बांधाखाली काय लोंबतं का?" मी वाद घातला नाही. दिलं तसं शिवलं.

दुपारच्या एसटीनं बेंबळीहून धाराशिवला निघालो. मला सहसा कशाचं कौतुक वाटत नाही. पण दर्ग्याच्या आवारातल्या मशिदीच्या काळ्या दगडी कमानी बघितल्या आणि माझी चालच मंदावली. पुढं घुमटाखाली मजार. आत गार, लोबानचा वास, आणि इतकी माणसं असून आपलाच श्वास ऐकू यावा अशी शांतता. बायका उंबऱ्याशी थांबतात, तिथं मी थांबले.

मुजावरांनी गलेफ पसरला. काठाला काठ लागला, पण खाली बोटभरही उतरला नाही.

"साहेब, पांघरूण असं बेतानं शिवतात व्हय?" मुजावर हसले. झालर लावून पुढच्या जुम्मेरातीला, गुरुवारी आणा, म्हणाले. मग नवस कुणाचा, ते विचारलं. काकांनी पडल्या आवाजात काकूंचं नाव सांगितलं.

"सरूबाई? त्या तर दर जुम्मेरातीला यायच्या. ह्या बाई उभ्या हायत ना, तिथंच उभ्या राहायच्या. मालकाच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय, नजर राहू दे म्हणायच्या. नजर गेली तर ते दिवसभर मोजतील काय?"

काका माझ्याकडं वळले. "मला बाजाराला जाते म्हणायची."

मी बाजूला झाले. काका उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. मान वर करून घुमटाकडं बघत राहिले. टेप काढतील असं मला वाटलं, पण दोन्ही हात जोडलेलेच होते. परतीची साडेपाचची एसटी गेली. मी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी झालर किती सोडू, असं मी त्यांना विचारलं. "तुमच्या मनानं सोडा," म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले.

मी दुकानातून आणखी सॅटिन आणलं आणि चारी बाजूंनी हातभर झालर लावली.