काचेआडची पुस्तकं

मुलांना वाचनाची गोडी लावणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! सोसायटीच्या सभेत मी छातीठोकपणे असं सांगितलं, घरोघरी फिरून गोष्टींची पुस्तकं गोळा केली आणि खेड्यातल्या एका शाळेत पोचवलीसुद्धा. महिन्याभराने मोठ्या उत्साहात बायकोला घेऊन बघायला गेलो, तर पुस्तकं काचेच्या कपाटात आणि कपाटाला नारळाएवढं कुलूप!

"एका पानाला डाग नाही!" मुख्याध्यापिका बाई लेकीच्या गुणांचं कौतुक करावं तशा म्हणाल्या.

"अहो, पण मुलं वाचतात कधी?"

"रोज वाचतात की! काचेतून नावं वाचतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "किल्ली आणा!"

"किल्ली शिपायाकडे. शिपाई सुटीवर."

"येणार कधी तो?"

"ते त्यालाच ठाऊक. किल्ली मात्र अगदी सुरक्षित आहे हं!"

"बाई, ही पुस्तकं आहेत, दागिने नाहीत!"

"मुलांचे हात मळके असतात हो. भिंतीवर प्राण्यांचा तक्ता लावला, तर हत्तीला मिशा काढल्या कार्ट्यांनी!"

"काढू दे! दाढीसुद्धा काढू दे!"

"अहो, हळू," बायकोने बाही ओढली. "शाळा आहे."

"शाळा कसली? पुस्तकांचा तुरुंग आहे हा!"

मी कुलूप ओढलं. कुलूप ढिम्म! दाराची मूठ ओढली, ती माझ्या हातात आली. बाई किंचाळल्या, "सरकारी मूठ आहे ती!" आता मात्र माझा पारा पार चढला. समोरून नाही, तर मागून! कपाट भिंतीपासून खेचलं, पोट आत घेतलं आणि फटीत शिरलो. मागची फळी चार खिळ्यांवर कशीबशी तग धरून होती. एक हिसका दिला, फळी सुटली... आणि कपाटाचा मागचा पाय मोडला!

अख्खं कपाट माझ्या अंगावर कललं. पाठ भिंतीला, छातीवर कपाट आणि पायांवर धो धो पुस्तकं! कपाट सोडावं तर काचांचा चुरा, धरावं तर माझा.

"सांगत होते मी!" असं म्हणून बायको सुतार शोधायला धावली. मागोमाग बाईही धावल्या.

आवाज ऐकून अख्खी शाळा आत घुसली. "आलात? शाब्बास! धरा इकडून!" मी ओरडलो. पण माझ्याकडे बघतंय कोण? कोणी माझ्या बुटावरचं पुस्तक उचललं, कोणी दोन पायांमधलं ओढलं. क्षणात सगळी जमिनीवर फतकल मारून बसली. मी संतापून बेंबीच्या देठापासून ओरडत होतो, "अरे, माणूस मरतोय इथे! काही लाजलज्जा?"

पायाशी बसलेल्या दोन वेण्यांच्या मुलीने वैतागून मान वर केली.

"काका, जरा हळू ओरडा ना! राक्षस झोपलाय आणि राजकन्या आत्ताच खिडकीतून बाहेर पडतेय."

राग होता, पण तिचं पान उलटेना, तसा माझा जीव वर-खाली होऊ लागला. शेवटी अगदी दबक्या आवाजात विचारलं, "सुटली का गं?"

"मी नाही सांगणार!" ती पुस्तक छातीशी धरत म्हणाली. "तुम्ही स्वतः वाचा!"

वाचलं असतं हो! हात मोकळे हवेत ना?