कुंची, स्टॉपवॉच आणि चारची गाडी

यापुढे आयुष्यात मी कधीही रांगेत उभी राहणार नाही, असं मी त्या सोमवारी सकाळी नाचणीच्या सत्त्वाची वाटी हातात धरून जाहीर केलं. ऐकायला माझी दहा महिन्यांची जुई होती. तिने घास थुंकून संमती दिली.

ही नुसती फुशारकी नव्हती. जुई होण्याआधी मी चार वर्षं चाकणच्या एका कंपनीत टाइम स्टडी करायचे. म्हणजे स्टॉपवॉच आणि वही घेऊन लाइनवर उभं राहायचं आणि माणसाला वाकायला किती सेकंद लागतात, वळायला किती, हरवलेला स्क्रू शोधायला किती, ते लिहायचं. हात नेमका कुठे अडकतो ते सापडलं की काम आपोआप पळायला लागतं. जिने मोटारीच्या सीटची आख्खी लाइन पळवली, तिला एक पार्सल टाकायला कितीसा वेळ लागणार?

पार्सल मात्र साधं नव्हतं. अंबाजोगाईला माझ्या भावाच्या, ओंकारच्या मुलीचं बारसं रविवारी होतं. मी एकुलती एक आत्या. पण जुईचे दात आणि ताप एकदमच आले, डॉक्टरांनी प्रवास बंद केला. मग निदान कुंची तरी जायला हवी. आईच्या जुन्या इरकलीतून मी जुईची कुंची शिवली होती, उरलेल्या पदरातून ही दुसरी शिवत होते. आईला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या दोन्ही नातींची डोकी तिच्याच पदराखाली असावीत, एवढाच माझा हट्ट होता. जुईच्या दुपारच्या झोपेतून वीस-वीस मिनिटं चोरत बारा दिवस शिवण चाललं होतं आणि शेवटचा गोंडा बुधवारी लागणार होता. पार्सल गुरुवारच्या गाडीत पडलं तर शनिवारी पोचणार, शुक्रवारच्या गाडीत पडलं तर थेट सोमवारी. बारशानंतर कुंची पोचणं म्हणजे वऱ्हाड परतल्यावर नवरदेवाने घोड्यावर बसणं.

आम्ही भोसरीत आक्काबाईंच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. समोरच कुरिअरचं दुकान आहे. तिथे गुलजारभाई एकटेच सगळं बघतात आणि बघावं तेव्हा रांग पायरीपर्यंत आलेली असते. मी ठरवलं, सोमवार ते बुधवार गॅलरीतून रांग मोजायची, सगळ्यात रिकामी वेळ शोधायची आणि गुरुवारी त्या वेळी टपकायचं.

तीन दिवस मी जुईला मांडीवर घेऊन मोजत बसले, आणि खरं सांगते, मोजता मोजता रमले. एक बाई पार्सल देऊन निघाली आणि तीनदा परत येऊन ते जागेवर आहे का बघून गेली. बालवाडीत पोर सोडल्यावर आपण खिडकीतून बघतो ना, तशी. एका माणसाने डबा देण्याआधी त्याचा वास घेतला. काय असेल त्यात? लोणचं? आणि वास घेऊन त्याला काय समजलं असेल?

वरच्या मजल्यावरच्या आक्काबाई वाळवण काढायला आल्या की माझी वही बघायच्या. भोसरी गावठाणातल्या जुन्या घरच्या त्या. मला सून नसून सून मानतात, म्हणजे बोलतातही तसंच.

"आगं, येवढ्या टायमात चारदा जाऊन आली असतीस की."

"आक्का, अभ्यास चाललाय."

"व्हय, दिसतंय. पोरीच्या तोंडात पेन गेलाय तुझ्या अभ्यासाचा."

अभ्यासाचा निष्कर्ष बुधवारी निघाला. दुपारी दोन चाळीस. त्या वेळी रांगेत सरासरी शून्य पॉइंट सहा सात माणूस असतो. शिवाय जुई अडीच ते तीन दहा गाढ झोपते. आणि गाडीच्या पाटीवर चार वाजता लिहिलं असलं, तरी तिन्ही दिवस ती सव्वापाचच्या आसपासच हलली होती. सगळं कसं मापात बसलं होतं.

गुरुवारी जुई झोपली. आक्काबाई तिच्यापाशी बसल्या. मी कागदात गुंडाळून, पत्ता घालून, चिकटपट्टी लावून पार्सल झोळीत टाकलं. सोबत वही आणि स्टॉपवॉचही घेतलं. यशाची नोंद नको का करायला? दोन चाळीसला दुकानासमोर उभी राहिले आणि माझ्या पॉइंट सहा सात माणसाला शोधू लागले.

रांगेत एकोणतीस माणसं होती. पायरी संपून, पंक्चरवाल्याला ओलांडून, रांग उसाच्या गाड्यापर्यंत गेली होती.

मी वर बघितलं. आक्काबाई गॅलरीत आल्याच होत्या.

"आक्का, आज एवढी गर्दी कशी हो?"

"गुरवार न्हाई का आज? समद्या वर्कशापांना सुट्टी हाय!"

बाळ झाल्यापासून मला दोनच वार कळतात, डायपर संपलेला आणि डायपर आणलेला. त्यातून नोकरी केली चाकणला, तिथे आमची सुट्टी रविवारची. भोसरीच्या वर्कशॉपना गुरुवारी सुट्टी असते आणि आठवडाभराची सगळी पार्सलं लोक त्याच दिवशी टाकतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्या तीन दिवसांच्या अभ्यासात नेमका चौथा दिवस नव्हता.

निमूट शेवटी उभी राहिले. माझ्या पुढे रंगराव नावाचे परभणीकडचे गृहस्थ होते, लेथवर काम करणारे. त्यांच्या पिशवीत आईसाठी घेतलेल्या नव्या चपला होत्या. "माप पायाच्या छाप्यावरून आणलंय," त्यांनी आपणहून सांगितलं आणि घडी केलेला कागदही दाखवला. त्यावर पेन्सिलीने काढलेलं एक रुंद, थकलेलं पाऊल होतं.

पाच मिनिटं गेली. रांग हलेना. माझा हात आपोआप स्टॉपवॉचवर गेला, वही उघडली. खोड हो, दुसरं काय! एका गिऱ्हाइकाला सहा मिनिटं. का? तर पत्ता काउंटरवर आल्यावर लिहायचा, पिनकोड गावाला फोन करून विचारायचा, पेन एकच आणि तेही शाई न उतरणारं. काटा दुकानाच्या या टोकाला, चिकटपट्टी त्या टोकाला, आणि मधून गुलजारभाई दर पार्सलाला सात पावलं जाऊन सात पावलं येतायत.

"मॅडम, काय लिहायलात?" रंगरावांनी विचारलं.

"काही नाही, नुसतं बघतेय."

हे वाक्य बोलायला नको होतं. तपासणीला आलेला माणूस नेमकं हेच म्हणतो. रंगरावांनी ते पुढच्याला सांगितलं, पुढच्याने त्याच्या पुढच्याला, आणि काउंटरला पोचेपर्यंत मी हेड ऑफिसहून आले होते. रांग हलत नव्हती, पण बातमी बरोबर सोळा सेकंदांत पोचली.

गुलजारभाई घाम पुसत बाहेर आले. मागून चहाही आला. "मॅडम, आत बसा ना. कळवलं असतं तर मी पंखा पुसून ठेवला असता."

"अहो गुलजारभाई, मी समोर राहते! तिसऱ्या मजल्यावर. रोज गॅलरीत असते."

"म्हणजे तीन दिवस वरून बघत होतात त्या तुम्हीच?" त्यांचा चेहरा आणखी उतरला. "मॅडम, मी एकटा आहे हो. दुसरा माणूस मागतो, तर हेड ऑफिसवाले म्हणतात आधी वेग वाढवा."

आता मला सांगा, अशा वेळी पार्सल देऊन निघून यायला किती सेकंद लागले असते? पण मी त्यांच्या पायांकडे बघत होते. दर पार्सलाला चौदा पावलं!

"काटा इकडे घेऊया?" मी म्हटलं.

काटा हलला. चिकटपट्टी सुतळीने काउंटरवर टांगली. पंक्चरवाल्याकडून एक स्टूल आणलं, त्यावर मी बसले आणि रांगेतल्या एकेकाचा पत्ता, पिनकोड आधीच लिहून द्यायला लागले. पाठोपाठ रंगराव स्वतःहून पट्ट्या लावायला उभे राहिले. गुलजारभाईंनी फक्त वजन करायचं आणि पावती फाडायची. सहा मिनिटांचं काम सव्वादोन मिनिटांवर आलं. रांग अशी सरकायला लागली की उसाचा गाडेवाला हिरमुसला.

आणि मला सगळी पार्सलं कळायला लागली. जालन्याच्या बहिणीला स्वेटर. सोलापूरला वडिलांचा चष्मा. वास घेणारा माणूसही आज आला होता. न राहवून विचारलंच. "बायकोला खोबऱ्याच्या वड्या," तो लाजून म्हणाला. "मीच करतो, रूमवर. जळक्या वासाच्या नकोत म्हणून बघून घेतो."

"ए तेजस्विनीऽ, पोरगी उठली गं!" वरून आवाज आला.

"आणा खाली!"

आक्काबाई जुईला घेऊन आल्या आणि टेकायला जागा नाही म्हणून तिला काट्यावर बसवलं. गुलजारभाई कामाच्या तंद्रीत म्हणाले, "आठ किलो दोनशे. कुठे पाठवायचंय?"

"तिच्या आज्ज्याकडं पाठवा, माझी कंबर गेली," आक्काबाई म्हणाल्या.

रंगरावांचं पार्सल गेलं, आणि मग माझाच नंबर आला. "मॅडम, तुमचं?" गुलजारभाईंनी विचारलं. पण मागे एक म्हातारे बाबा नुकतेच येऊन उभे राहिले होते, हातात फाटका पत्ता धरून. मी म्हटलं, "आधी बाबांचं घ्या. माझं काय, मी इथेच आहे."

पंगतीत वाढणाऱ्या बाईचं जे होतं, तेच माझं झालं. बाबांचा फाटलेला पिनकोड शोधेपर्यंत गाडी आली. चालक दिग्विजयने पोती टाकली, घड्याळ बघितलं आणि थक्क झाला. बरोबर चार! रांगच उरली नव्हती, मग सव्वापाचपर्यंत थांबायचं कशाला? गाडी गेली. गुलजारभाईंचे डोळे भरून आले. "चार वर्षांत पहिल्यांदा वेळेवर सुटली, मॅडम!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वाजवताना खांद्यावरची झोळी हातावर आदळली.

आतली कुंची तशीच होती.

टाळ्या थांबल्या. आक्काबाईंनी माझ्याकडे, मग झोळीकडे बघितलं. "आगं बया," एवढंच म्हणाल्या, आणि जुईला कडेवर घट्ट धरून म्हणाल्या, "पळ."

रंगरावांनी आपली मोटरसायकल काढली. "गाडी मोशीवरून चाकणच्या गोदामाला जाते," म्हणत गुलजारभाईंनी पावती फाडून हातात कोंबली. मी मागे बसले. मोशीकडे जाताना मी दुचाकीवर आयुष्यात पहिल्यांदा देवाला साकडं घातलं, की ट्रॅफिक लागू दे. जो रस्ता चार वर्षं मला रोज रडवायचा, तो आज तरी कामाला येऊ दे. आणि आला हो! मोशीच्या अलीकडे ट्रक, कंटेनर, कंपन्यांच्या बस असं सगळं जाम होतं. रंगराव फटीफटीतून गाडी काढत होते, तेवढ्यात फोन वाजला. माझा नवरा शेखर, पहिली शिफ्ट करून कंपनीच्या बसने चाकणहून परतत होता.

"कुठे आहेस?"

"इथेच. पार्सल टाकायला आलेय. समोर."

"बरं. आणि पार्सलवाला तुला गाडीवर बसवून मोशीला आणतो का?"

मान वर केली. पलीकडच्या बाजूला, तितक्याच जाममध्ये, बसच्या खिडकीत शेखर. त्याच्या मागे आख्खी शिफ्ट काचेला नाकं लावून.

"घरी आल्यावर सांगते!"

"नको, आत्ताच सांग. हे सगळे विचारतायत."

सांगायला वेळ नव्हता, पुढे पांढरी गाडी दिसली होती. दिग्विजयने काच खाली केली, पावती उलटसुलट बघितली. "ताई, एवढी धावपळ? दुकानात टाकायचं ना." मी पार्सल त्याच्या हातात दिलं आणि ते पोत्यात पडेपर्यंत बघत राहिले. गाडी चार हात पुढे सरकल्यावर जाऊन पुन्हा एकदा बघून आले. तीनदा परत येणाऱ्या त्या बाईला मी उगीच हसले होते.

रविवारी पाळण्याजवळ फोन धरून वहिनीने, मंजुषाने, मला भाचीच्या कानात नाव सांगायला लावलं. इरकलीच्या काठातून दोन काळे डोळे बघत होते. इकडे जुई, डोक्यावर तोच काठ. दोघींनी एकमेकींना बघितलं आणि दोघींनी एकाच वेळी कुंची ओढून काढली. आईचा पदर असाच ओढायचो आम्ही.

संध्याकाळी जुई झोपल्यावर वही पूर्ण करायला बसले. अर्धवट नोंद मला चालत नाही. शेवटची ओळ अशी आहे: गिऱ्हाईक क्रमांक तीस, सौ. तेजस्विनी. लागलेला वेळ, चार दिवस. अडथळ्याचं कारण, मोजणारी बाई.